नवा प्लग, जुने दुखणे : फवारणी पंपाच्या इंजिनाचे निदान

मे २०२० च्या उत्तरार्धात वाळवंटी टोळांचे थवे राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून झाशी जिल्ह्यात पोहोचले. जिल्हा प्रशासनाने अग्निशमन दलाला रसायनांसह सज्ज राहण्यास सांगितले आणि राजस्थानातील कोटा येथून टोळ नियंत्रणाचे पथक मदतीस आले. त्याच महिन्याच्या अखेरीस टोळांनी अमरावती, वर्धा आणि नागपूर या जिल्ह्यांत प्रवेश केला, तेव्हा विदर्भातही अग्निशमन दलाचे बंब आणि ट्रॅक्टरवरील फवारणी यंत्रे शेतशिवारात उभी राहिली.

टोळांचे नियंत्रण वेळेशी बांधलेले असते. टोळ दिवसा वाऱ्याबरोबर उडतात, सायंकाळी झाडाझुडपांवर उतरतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढून अंग तापेपर्यंत तेथेच बसून राहतात. फवारणी करावयाची ती याच अवधीत, म्हणजे रात्री आणि पहाटे. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात किमान ४ कोटी टोळ असू शकतात आणि असा थवा सुमारे ३५ हजार माणसांना पुरेल एवढे अन्न एका दिवसात फस्त करतो. पहाटेच्या त्या दोन-तीन तासांत पंपाचे इंजिन सुरू झाले नाही, तर उत्तम कीटकनाशक आणि अचूक शिफारस हाताशी असूनही उपयोग होत नाही. सूर्य वर येताच थवा पुढच्या गावाला निघून जातो.

टोळधाड दरवर्षी येत नाही. परंतु वेळेचे हे बंधन नेहमीच्या किडींनाही लागू आहे. बुंदेलखंडात रब्बीतील हरभऱ्यावर घाटेअळी येते. ती लहान असते तोवर नियंत्रण सोपे जाते. मोठी होऊन घाट्यात शिरली की तीच मात्रा अपुरी पडते. खरिपातील उडीद-मुगावर पांढरी माशी पिवळ्या मोझॅकचा विषाणू पसरवते आणि एकदा रोग पसरला की माशी मारून झालेले नुकसान भरून येत नाही. महाराष्ट्रातील हरभरा, तूर, कापूस आणि मका या पिकांची गोष्ट वेगळी नाही. फवारणीचे योग्य दिवस मोजके असतात आणि पंप मात्र दोन हंगामांच्या मध्ये महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून असतो.

‘प्लग बदलला, तरी चालत नाही’

समजा, झाशी शहराच्या नगरा भागात एक शेतकरी पाठीवरचा पेट्रोल पंप दुरुस्तीस घेऊन आला आहे. गेल्या हंगामात पंप नीट चालला होता. यंदा दोरी ओढून हात दुखले तरी तो सुरू होईना, म्हणून त्याने बाजारातून नवा स्पार्क प्लग आणून घरीच बसवला. आता इंजिन कधी सुरू होते, कधी होत नाही; सुरू झाले तर दहा मिनिटांत बंद पडते आणि चालू असताना ‘मिसिंग’ करते. जुना प्लग त्याने उकिरड्यावर फेकून दिला आहे. त्याचा निष्कर्ष असा, की नवा प्लग नकली निघाला. म्हणून तो दुसरा प्लग घेण्याच्या तयारीत आहे.

असे पंप प्रत्येक गावात आढळतात. स्पार्क प्लग स्वस्त आहे, हाताशी आहे आणि एका पान्याने निघतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर जातो. परंतु काजळीने माखलेला किंवा पेट्रोलने ओला झालेला प्लग हा बहुधा बिघाडाचे लक्षण असतो, कारण नव्हे. पाने पिवळी दिसताच मूळ न पाहता औषध मारावे, तसेच हे आहे. पिवळेपणाचे मूळ अन्नद्रव्याच्या कमतरतेत, मूळकुजीत, विषाणूत किंवा साचलेल्या पाण्यातही असू शकते. प्लग बदलल्यानंतर उद्भवलेल्या तक्रारीचे निदान करताना म्हणून दोन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, शेवटचा हात कोठे लागला आणि तेथे काही चुकले का? दुसरा, जुना प्लग ज्या कारणाने खराब झाला ते कारण अजून तसेच आहे का?

पहिला प्रश्न : बसवताना काय चुकले?

दुरुस्तीनंतर लगेच नवी तक्रार सुरू झाली असेल, तर शोधाची सुरुवात नुकत्याच हाताळलेल्या भागापासून करावी. येथे पाच गोष्टी तपासाव्यात.

*प्लगचा क्रमांक.* दोन प्लग बाहेरून सारखे दिसले आणि दोन्हींचे आटे एकाच जाडीचे असले, तरी ते परस्परांना पर्याय असतातच असे नाही. आट्यांची लांबी निराळी असू शकते. आखूड प्लग ज्वलनकक्षात पुरेसा पोहोचत नाही आणि हेडच्या उघड्या आट्यांत काजळी साचते. लांब प्लगवर पिस्टन आदळू शकतो. दुसरा भेद उष्णताश्रेणीचा. प्लगचे टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअस या दरम्यान राहिले पाहिजे. त्याहून थंड राहिले तर काजळी जळून जात नाही; त्याहून तापले तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेते आणि पिस्टनला धोका होतो. ही श्रेणी क्रमांकात दिलेली असते, मात्र सर्व कंपन्यांची रीत एक नाही. एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग अधिक ‘थंड’ असतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की अधिक ‘गरम’. त्यामुळे एका कंपनीचा ७ म्हणजे दुसऱ्या कंपनीचा ७ असे समजून घेतलेला प्लग चुकीचा ठरू शकतो. क्रमांक यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून किंवा कंपनीच्या तुलना-तक्त्यातूनच घ्यावा. क्रमांकातील ‘आर’ हे अक्षर प्लगमध्ये रोधक असल्याचे सांगते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या यंत्रात ते अक्षर गाळू नये.

*गॅप.* लहान इंजिनांत दोन इलेक्ट्रोडमधील अंतर बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. खोक्यातून निघालेल्या नव्या प्लगचा गॅप बरोबरच असेल असे धरून चालू नये. प्लग एकदा हातातून पडला तरी गॅप मिटू शकतो किंवा चिनी मातीच्या भागाला बारीक तडा जातो आणि ठिणगी त्या तड्यातून पळते. मोजणीसाठी फीलर गेज वापरावा. अंतर जुळवताना फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हळूच वाकवावा. मधल्या इलेक्ट्रोडवर जोर देऊ नये.

*घट्टपणा.* प्लग थंड इंजिनावर आणि आधी हातानेच फिरवून बसवावा. हाताने फिरत नसेल तर आटे वाकडे लागले आहेत असे समजून तो काढून पुन्हा लावावा. वायसर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा आवळला की वायसर दबून जागा बंद होते. तोच प्लग पुन्हा बसवत असल्यास फेऱ्याचा आठवा ते चौथा भाग पुरतो. सैल प्लगमधून दाब निसटतो आणि प्लगची उष्णता हेडकडे न गेल्याने तो तापतो. अति आवळल्यास ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात आणि दहा मिनिटांच्या कामाचे मोठ्या खर्चात रूपांतर होते.

*प्लगची टोपी.* काही प्लगच्या वरच्या टोकावर फिरवून निघणारा नट असतो. काही टोप्यांना तो नट लागतो, काहींना उघडे आटे लागतात. हा मेळ नसला तर टोपी बसल्यासारखी दिसते, परंतु आतला संपर्क अधूनमधून तुटतो. सुरू होणे, बंद पडणे आणि हादऱ्याबरोबर ‘मिसिंग’ करणे ही त्याची खूण आहे. टोपी ओढून काढताना आतली स्प्रिंग वायरीपासून सुटली असेल, तरीही हेच घडते.

*आत पडलेली घाण.* शेतात वापरलेल्या पंपाच्या प्लगभोवती माती, तेल आणि औषधाचा थर असतो. तो न पुसता प्लग काढला तर घाण सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनच्या रिंगा घासतात. प्लग सैल करण्यापूर्वी भोवतालची जागा ब्रशने साफ करून पुसून घ्यावी.

दुसरा प्रश्न : जुना प्लग काय सांगत होता?

जुना प्लग टाकून देऊ नये. त्याच्या टोकाचा रंग इंजिनाच्या आतली स्थिती सांगतो.

• फिकट तपकिरी किंवा करडा, कोरडा : ज्वलन ठीक आहे, बिघाड अन्यत्र शोधावा.
• कोरडी काळी काजळी : मिश्रणात पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला, चोक अर्धवट बंद किंवा प्लग फार थंड श्रेणीचा.
• ओला, तेलकट काळा : टू-स्ट्रोक मिश्रणात तेल जास्त, तेल चुकीचे किंवा इंजिनात पेट्रोल भरून आलेले.
• पांढरट, टोकाला फोड आल्यासारखा : इंजिन अति तापते आहे. पेट्रोल कमी पडते आहे, कोठून तरी जादा हवा शिरते आहे किंवा प्लग फार गरम श्रेणीचा आहे.
• टोकावर धातूचे बारीक चमकदार मणी : पिस्टनचा धातू वितळण्यास सुरुवात झाली आहे. इंजिन त्वरित बंद ठेवावे.

यातील शेवटच्या दोन खुणा दुर्लक्षून नवा प्लग लावणे सर्वांत महाग पडते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते. पेट्रोल कमी पोहोचले की तेलही कमी पोहोचते आणि पिस्टन जाम होतो. तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. १:२५ म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर तेल आणि १:५० म्हणजे २० मिलिलिटर. हे माप बाटलीच्या झाकणाने किंवा अंदाजाने घेऊ नये. फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र तेल पेट्रोलमध्ये न मिसळता स्वतंत्रपणे भरावयाचे असते. एकाच घरात दोन्ही प्रकारचे पंप असल्यास डब्यांवर ठळक खूण करावी.

सुरूच होत नसेल तर

प्रथम थांबवण्याचे बटण, पेट्रोलचा कॉक आणि चोक पाहावा. या तीन साध्या गोष्टी अनुभवी माणसाच्याही नजरेतून सुटतात. त्यानंतर चार-पाच वेळा दोरी ओढून प्लग काढावा आणि तो ओला आहे की कोरडा ते पाहावे.

प्लग ओला असेल तर इंजिनात पेट्रोल पोहोचते आहे आणि बहुधा जास्तच झाले आहे. कॉक बंद करावा, चोक पूर्ण उघडावा, प्लगची वायर इंजिनाच्या धातूला टेकवून सुरक्षित ठेवावी आणि प्लगविना काही वेळा दोरी ओढून आतले पेट्रोल बाहेर काढावे. थोडा वेळ वाफ जाऊ द्यावी, प्लग कोरडा करून बसवावा आणि चोक न लावता इंजिन सुरू करून पाहावे.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. टाकीतील गाळणी, नळी, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र आणि कार्ब्युरेटरचा जेट या क्रमाने पाहावे. गेल्या हंगामाचे पेट्रोल टाकीत राहिले असल्यास ते काढून टाकून ताजे मिश्रण भरावे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. इंजिनात पेट्रोल तळातूनच येते. त्या थराने इंजिन पेटत नाही आणि त्यात टू-स्ट्रोकचे तेलही नीट विरघळत नाही. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी दिवाळीनंतर सुरू न होण्याचे हे एक कारण असते.

पेट्रोल पोहोचत असूनही इंजिन पेटत नसेल तर ठिणगी तपासावी. त्यासाठी मिळणारा स्पार्क टेस्टर वापरणे उत्तम. प्लग इंजिनाला टेकवून ठिणगी पाहण्याची रूढ पद्धत वापरावयाची झाल्यास ती मोकळ्या जागेत, प्लगच्या उघड्या छिद्रापासून दूर आणि सांडलेले पेट्रोल पुसून वाळल्यावरच वापरावी. छिद्रातून बाहेर पडणारी वाफ त्या ठिणगीने पेटू शकते आणि अनेक द्रवरूप कीटकनाशकांतील द्रावकेही ज्वलनशील असतात. ठिणगी पडत नसेल तर थांबवण्याच्या बटणाची वायर तात्पुरती सोडवून पुन्हा पाहावे. आता ठिणगी पडली तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. चाचणीनंतर ती वायर जोडल्याखेरीज इंजिन सुरू करू नये, कारण मग ते बटणाने बंद होत नाही. तरीही ठिणगी नसेल तर इग्निशन कॉइल, तिचे फ्लायव्हीलपासूनचे अंतर आणि फ्लायव्हीलच्या चुंबकावरील गंज हे काम जाणत्या मिस्त्रीकडे सोपवावे. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, परंतु दोरी उलटा झटका देते किंवा सायलेन्सरमधून फटाका वाजतो, अशा वेळी फ्लायव्हीलची चावी तुटून ठिणगीची वेळ बदलली असण्याचा संभव असतो.

शेवटी दाब पाहावा. दोरी हळू ओढताना एका टप्प्यावर हाताला स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. तो जाणवत नसेल तर प्लग सैल आहे, रिंगा झिजल्या आहेत किंवा हेडचे गॅस्केट गेले आहे.

सुरू होते, पण थोड्या वेळाने बंद पडते

या तक्रारीत टाकीच्या झाकणाची परीक्षा सर्वांत सोपी आहे. इंजिन मंदावू लागताच ते बंद करून थोडे थंड होऊ द्यावे, झाकण सैल करावे आणि पुन्हा सुरू करावे. आता ते न थांबता चालले तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. पेट्रोल कमी होते तशी टाकीत हवा आत आली पाहिजे. ती आली नाही की पेट्रोल उतरणे थांबते.

हे छिद्र बुजवणाऱ्यांत कीटकांचाही हात असतो. चिखलाचे घर बांधणारी कुंभारीण माशी शेडमधील तयार पोकळ्या शोधते, त्यांत भूल दिलेले कोळी किंवा अळ्या आपल्या पिलांसाठी साठवते आणि तोंड मातीने लिंपून टाकते. पडून असलेल्या पंपाच्या नळ्या, सायलेन्सरचे तोंड आणि हवेच्या वाटा तिला सोयीच्या वाटतात. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर अशाच एका जातीच्या गांधीलमाशीने विमानांचा वेग मोजणाऱ्या नळ्या बुजवल्या आणि तेथे उभ्या विमानांच्या नळ्यांना आवरणे घालावी लागली. उत्तर अमेरिकेत २०११ मध्ये एका मोटार कंपनीला सुमारे ६५ हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पेट्रोल-वाफेच्या नळीत पिवळ्या कोळ्याने विणलेले जाळे हे त्याचे कारण होते. पंप शेडमधून काढल्यावर झाकण, सायलेन्सर आणि हवेची जाळी उजेडात पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

झाकण सैल करूनही इंजिन बंद पडत असेल तर ते बंद पडताक्षणी ठिणगी तपासावी. काही इग्निशन कॉइल थंड असताना चालतात आणि तापल्यावर दगा देतात. अर्ध्या तासाने मिस्त्रीकडे नेलेला पंप पुन्हा निर्दोष वाटतो आणि दोष नव्या प्लगच्या माथी मारला जातो.

सुरू राहूनही जोर नसेल तर एअर फिल्टर आणि सायलेन्सरमधील काजळीचा थर पाहावा. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू मोकळेपणी बाहेर पडला नाही तर ताजे मिश्रण आत येत नाही.

मंद इंजिन आणि न मेलेली अळी

येथवरचा विषय यंत्राचा वाटला, तरी त्याचा परिणाम पिकावर होतो. पाठीवरच्या पॉवर पंपात पंख्याच्या वेगवान हवेमुळे द्रावणाचे बारीक थेंब होतात. इंजिनाचे फेरे घटले की हवेचा वेग घटतो, थेंब मोठे होतात, पट्टा अरुंद होतो आणि पानांच्या खालच्या बाजूपर्यंत औषध पोहोचत नाही. पांढरी माशी तर पानाखालीच बसलेली असते. शेतकरी म्हणतो, ‘औषध चालले नाही.’ मग मात्रा वाढते, दोन औषधे एकत्र होतात, दुसरी फवारणी होते. अपुऱ्या मात्रेतून वाचलेल्या किडींची पुढची पिढी त्या औषधाला अधिक दाद देईनाशी होण्याचा धोका वाढतो. मूळ दोष मात्र कधीकधी एका सैल टोपीत असतो.

म्हणून प्लग बदलल्यावर इंजिनाचा आवाज नीट आला एवढ्यावर समाधान मानू नये. साध्या पाण्याने चाचणी घ्यावी. एका मिनिटात किती पाणी बाहेर पडते, पट्टा किती मीटर रुंद होतो आणि चालण्याचा वेग मिनिटाला किती मीटर आहे, हे मोजावे. मिनिटाला पडणाऱ्या लिटरला १०,००० ने गुणून पट्ट्याची रुंदी आणि वेग यांच्या गुणाकाराने भागले की हेक्टरी द्रावण मिळते. पंप मिनिटाला १ लिटर सोडतो, पट्टा ४ मीटर आणि वेग मिनिटाला ४० मीटर असेल, तर हेक्टरी ६२.५ लिटर द्रावण पडते. इंजिन अडखळते म्हणून माणूस मिनिटाला ३० मीटरच चालला, तर तेच सुमारे ८३ लिटर होते. म्हणजे औषधाची मात्रा न कळत एक तृतीयांशाने वाढते. थेंबांची पाहणी पाण्याने निळा होणाऱ्या पिवळ्या कागदाने करता येते. तो कागद पानांच्या दोन्ही बाजूंना टाचून पाहिला तर इंजिन, नोझल आणि चाल या तिन्हींची परीक्षा एकाच वेळी होते.

पाठीवर औषध असताना दुरुस्ती नको

फवारणीतील निष्काळजीपणाची किंमत महाराष्ट्राने २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पाहिली आहे. कपाशीवरील फवारणीच्या त्या हंगामात विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. इंजिन शेतात मध्येच बंद पडले की दोन धोके एकत्र येतात. पाठीवरील टाकीत औषध असते, हातमोजे ओले असतात, आणि घाईत ते काढून उघड्या हातांनी प्लग, नळी व नोझल चाचपले जातात. तुंबलेला जेट किंवा नोझल तोंडाने फुंकण्याची आणि नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय तर सर्वथा वर्ज्य मानावी.

पंप बंद पडल्यास तो प्रथम खाली उतरवावा आणि पिकाबाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्यावा. औषध लेबलवर दिलेल्या सूचनेनुसार सुरक्षितपणे काढून घ्यावे. पंप बाहेरून धुवावा, हात-तोंड साबणाने धुवावे आणि इंजिन थंड झाल्यावरच पाना हाती घ्यावा. मिस्त्रीकडे पंप नेतानाही तो धुतलेलाच न्यावा. दुकानात काम करणाऱ्या मुलाला त्या यंत्रात काल कोणते औषध होते हे ठाऊक नसते.

हंगाम संपताना आणि सुरू होण्यापूर्वी

हंगाम संपला की टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर रिकामा करावा. प्लग काढून छिद्रात टू-स्ट्रोक तेलाचे काही थेंब सोडावेत, दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढावी आणि प्लग परत बसवावा. सायलेन्सर व हवेच्या वाटांवर कापड बांधावे आणि ते सुरू करण्यापूर्वी काढण्याची आठवण म्हणून दोरीला चिठ्ठी लावावी. प्लग बदलल्यास त्याचा क्रमांक, गॅप आणि तारीख पंपाच्या पट्ट्यावर किंवा वहीत लिहावी. जुना प्लग सुस्थितीत असेल तर पुडीत बांधून पंपाबरोबर ठेवावा. नव्या प्लगविषयी शंका आली की तोच लावून पाहता येतो आणि दोष प्लगचा की इंजिनाचा हे पाच मिनिटांत कळते.

विस्तार कार्यकर्त्यांना यात मोठे काम करता येईल. बियाणे आणि कीटकनाशकांच्या प्रशिक्षणाबरोबर हंगामाच्या पंधरा दिवस आधी गावात पंप तपासणीचा एक दिवस ठेवावा. अवजार बँकेतील आणि घरोघरचे पंप एका ठिकाणी आणून प्रत्येक पंपाचा प्लग काढून पाहावा, त्याचा रंग नोंदवावा, झाकणाची छिद्रे साफ करावीत आणि पाण्याची चाचणी घ्यावी. स्थानिक मिस्त्रीला त्या दिवशी बोलवावे. त्याच्या हातातील कौशल्य आणि कीटकशास्त्राची शिफारस एकत्र आली तर दोन्हींचा उपयोग वाढतो. कोणत्या कारणाने किती पंप बंद होते, एवढी नोंद ठेवली तरी पुढच्या वर्षी कोणते सुटे भाग आधी आणून ठेवावेत हे ठरवता येते.

नगऱ्यातील त्या शेतकऱ्याच्या पंपाकडे पुन्हा वळल्यास निदानाचा क्रम असा राहील : आधी टोपी आणि तिचा नट, मग प्लगचा क्रमांक व गॅप, नंतर टाकीचे झाकण, जुने पेट्रोल आणि शेवटी कॉइल. यातील पहिल्या चार-पाच गोष्टींना पान्याशिवाय फारसे काही लागत नाही आणि खर्चही नगण्य असतो. दुसरा नवा प्लग विकत घेण्याचा विचार त्यानंतर करावा. ही तपासणी कीड येण्यापूर्वी झाली पाहिजे. पुन्हा कधी पहाटेपूर्वी टोळ बाभळीवर बसलेले दिसले, किंवा हरभऱ्यात पहिल्या अवस्थेतील घाटेअळी आढळली, तर त्या वेळी पंप पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू झाला पाहिजे.